आरोग्य संशोधनात पहिलं पाऊल टाकताना: रुग्ण आणि नातेवाइकांसाठी

"आमच्याकडे एक अभ्यास सुरू आहे, त्यात सहभागी व्हाल का?" हा प्रश्न बहुतेकांसमोर अचानक येतो. निदान नुकतंच झालेलं असतं, हातात रिपोर्टची फाइल असते आणि वर हे आठ-दहा पानांचं माहितीपत्रक. काही जण घाबरून लगेच नाही म्हणतात. काही जण डॉक्टरांवरच्या विश्वासापोटी न वाचताच सही करतात. दोन्हींत विचार करून घेतलेला निर्णय नसतो.

ज्यांनी आरोग्य संशोधन कधी जवळून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे: रुग्ण, त्यांचं सगळं करणारे नातेवाईक, नव्याने कामाला लागलेल्या परिचारिका. बोलणार आहे ते सार्वजनिक निधीतून, म्हणजे लोकांच्या करातून चालणाऱ्या संशोधनाबद्दल. पैसा लोकांचा, शरीरही लोकांचंच. म्हणून त्यात काय तपासलं जावं हे विचारायचा हक्कही लोकांचा आहे. नवख्या माणसाने सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायला शिकावं असं मला मनापासून वाटतं: "शेवटी तुम्ही नेमकं काय मोजणार आहात?" पुढच्या पायऱ्यांमध्ये हा प्रश्न पुन्हा पुन्हा येईल.

पायरी 1: हा पैसा कशासाठी लागतो ते समजून घ्या

औषध कंपन्या विकता येईल अशा गोष्टींवर संशोधन करतात. तो त्यांचा व्यवसाय आहे आणि त्यातून अनेक चांगली औषधं मिळाली आहेत. पण आरोग्यसेवेतल्या कितीतरी प्रश्नांच्या उत्तरातून कुणालाच काही विकायचं नसतं. जुनं, स्वस्त औषध दुसऱ्या आजारात चालेल का? रुग्णाला भरती करणं खरंच गरजेचं आहे का? वर्षानुवर्षं चालत आलेला उपचार बंद करावा का? असे प्रश्न हाती घ्यायला ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, भारताची आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अशा सार्वजनिक संस्थाच लागतात.

1956 मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, एक अभ्यास सुरू झाला. आयसीएमआर, ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल, जागतिक आरोग्य संघटना आणि मद्रास सरकार त्यात एकत्र होते. क्षयरोग्याला महिनोन्‌महिने सॅनेटोरियममध्ये ठेवायचं, चांगला आहार आणि पूर्ण विश्रांती द्यायची, अशी तेव्हाची पद्धत होती. पण इतक्या खाटा आणायच्या कुठून? म्हणून काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना घरीच, तीच औषधं देऊन पाहिलं. घरच्या रुग्णांचं खाणं बेताचं, घरं दाटीवाटीची. तरीही वर्षाअखेर दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखे आले आणि घरातल्या इतरांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. जगभरात क्षयाचा उपचार घरी राहून होऊ लागला, त्यामागे या अभ्यासाचा मोठा हात आहे. यातून कुणाचं नवं औषध बाजारात येणार नव्हतं.

दुसरं उदाहरण चालत आलेल्या उपचाराचं. डोक्याला जबर मार लागलेल्यांना स्टेरॉइड देण्याची पद्धत तीस वर्षांहून अधिक काळ रूढ होती. मेंदूची सूज उतरेल, जीव वाचेल, असा तर्क होता. मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या निधीतून झालेल्या 'क्रॅश' या अभ्यासात 10,008 रुग्णांवर तो तर्क तपासला गेला. 2004 मध्ये निकाल आला: दोन आठवड्यांत स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी 21.1 टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी 17.9 टक्के. चांगल्या हेतूने दिलेलं औषध जीव घेत होतं आणि हे एकेका डॉक्टरला आपल्या रुग्णांवरून कधीच कळलं नसतं. शंभरात तीनचा फरक डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावा लागतो.

पैसा सरकारी आहे म्हणजे काम सचोटीचंच असेल, असं मात्र धरून चालू नका. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातल्या टस्कीगी इथे 1932 पासून 1972 पर्यंत शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांच्या सिफिलिसचं, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या एका आजाराचं, नुसतं निरीक्षण केलं. त्यांना आजाराबद्दल खरं सांगितलं नाही आणि पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार ठरल्यावरही ते दिलं नाही. संमतीपत्रं, अभ्यास सहभागींच्या दृष्टीने योग्य आहे का हे तपासणाऱ्या नैतिकता समित्या, सहभागींचे हक्क हे आजचे नियम अशा अन्यायांतून आलेले आहेत. कुणी "ही फक्त फॉर्मॅलिटी आहे" म्हणालं, तर हे आठवा.

पायरी 2: आपल्याला कोणत्या भूमिकेत यायचं आहे ते ठरवा

पहिली भूमिका सहभागीची: औषध घेणं, तपासण्या करून घेणं, प्रश्नावली भरणं. दुसरी सल्लागाराची, जिला अनेक ठिकाणी 'रुग्ण-भागीदार' म्हणतात. यात तुमच्यावर काही केलं जात नाही. आजारासोबत जगण्याचा तुमचा अनुभव संशोधकांना अभ्यास आखताना उपयोगी पडतो. तिसरी भूमिका निधीच्या अर्जांवर मत देणाऱ्या सामान्य नागरिकाची. काही निधी संस्था तज्ज्ञांच्या बरोबरीने अशा लोकांचंही मत घेतात.

एकच माणूस वेगवेगळ्या वेळी तिन्ही भूमिकांत असू शकतो. पण एकाच अभ्यासात सहभागी आणि सल्लागार दोन्ही होणार असाल, तर आधी संशोधकांशी बोलून घ्या. कुणाला कोणतं औषध मिळतंय हे लपवलेल्या अभ्यासात त्यामुळे अडचण येऊ शकते. आणि नको असेल तर कुठलीच भूमिका घेऊ नका. तुमच्या नेहमीच्या उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये.

पायरी 3: अभ्यासाची नोंद शोधा आणि ती नीट वाचा

उपचारांची चाचणी सुरू होण्याआधी तिची जाहीर नोंद व्हायला हवी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 2005 पासून अशी अटच घातली की आधी नोंदणी न झालेल्या चाचणीचे निकाल छापायचे नाहीत. अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही 2000 पासून आहे, भारताची सीटीआरआय 2007 पासून. जागतिक आरोग्य संघटनेचं एक शोधपान वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र दाखवतं. तिन्ही ठिकाणी शोध फुकट आहे. आजाराचं इंग्रजी नाव टाकलं की यादी समोर येते. तुम्हाला माहितीपत्रक मिळालं असेल, तर त्यावरचा नोंदणी क्रमांक टाकून थेट तो अभ्यास उघडा.

नोंद पहिल्यांदा उघडली की भाषा पाहून बावरायला होतं. सगळं वाचायची गरज नाही. पाच रकाने पाहा.

आधी निधी कोणाचा ते पाहा. प्रायोजक, म्हणजे अभ्यासाची जबाबदारी घेणारी संस्था, आणि निधी देणारा हे दोन वेगळे असू शकतात. विद्यापीठ प्रायोजक आणि पैसा कंपनीचा, असंही असतं. त्यात गैर काही नाही, पण माहीत असावं.

मग मुख्य मोजमाप. नोंदीत ते 'प्रायमरी आउटकम' या नावाने असतं. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळा अभ्यास याच एका रकान्यासाठी उभा केलेला असतो. तिथे 'रुग्ण किती दिवस जगले', 'किती जणांना पुन्हा भरती व्हावं लागलं', 'वेदना किती कमी झाली' असं काही लिहिलंय, की फक्त रक्तातला एखादा आकडा? आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला, असं नेहमीच होत नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक निधीतून झालेल्या 'कास्ट' या अभ्यासाने हे दाखवून दिलं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात, आणि ज्यांचे चुकतात ते जास्त दगावतात, हे माहीत होतं. ठोके सुरळीत करणारी औषधं होती, ती सर्रास दिलीही जात होती. ईसीजी सुधारायचा. मग मृत्यू मोजले. एनकेनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले, प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्या 743 जणांपैकी 26. ईसीजीवर थांबले असते तर ही औषधं यशस्वी ठरली असती.

तिसरा रकाना पात्रतेच्या अटींचा. वय, इतर आजार, गरोदरपण, चालू असलेली औषधं. यात तुम्ही बसता का हे तर पाहाच, पण कोणाला वगळलंय तेही पाहा. आजार प्रामुख्याने सत्तरीतल्या लोकांना होत असेल आणि अभ्यास पासष्टपर्यंतच्यांनाच घेत असेल, तर निकाल नेमका कोणाच्या कामाचा, हे विचारायला हवं.

चौथा, तारखा. नोंदणी आधी झाली की पहिला सहभागी आधी घेतला? नोंदणी नंतर असेल तर मुख्य मोजमाप निकाल बघून ठरवायला वाव राहतो. नोंदीचा बदलांचा इतिहासही अनेक ठिकाणी पाहता येतो. मुख्य मोजमाप मधेच बदललेलं दिसलं, तर कारण विचारा.

पाचवा, सद्यस्थिती: भरती सुरू आहे, संपली आहे, की अभ्यास थांबवला आहे.

एक सावधगिरी. नोंदवहीत नाव आहे म्हणजे सरकारने किंवा कुणा मोठ्या संस्थेने अभ्यासाची हमी घेतली, असा अर्थ होत नाही. सार्वजनिक निधीच्या अभ्यासात संशोधनासाठीच्या औषधाचे आणि जादा तपासण्यांचे पैसे साधारणपणे सहभागीकडून घेत नाहीत. कुणी 'चाचणीत भाग घेण्यासाठी' मोठी रक्कम मागत असेल, तर तिथेच थांबा आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा.

पायरी 4: माहितीपत्रक घरी नेऊन वाचा

सहीची घाई करू नका. "मी हे घरी नेऊन वाचतो, परवा सांगतो" असं म्हणण्यात संकोच कसला? आणीबाणीची परिस्थिती सोडली तर वेळ मागणं हा तुमचा हक्क आहे.

वाचताना एक मूळ फरक ध्यानात ठेवा. तुमचे डॉक्टर उपचार करतात तेव्हा तुमच्यासाठी योग्य ते निवडतात. अभ्यासात तुम्हाला काय मिळेल हे आधी ठरलेल्या आराखड्यानुसार होतं आणि बहुतेक चाचण्यांमध्ये संगणकाच्या सोडतीने. यालाच यादृच्छिक वाटणी म्हणतात. लोकांना हे खटकतं: जिवाचा प्रश्न आणि सोडत कसली? पण डॉक्टरांनीच निवड केली तर नकळत तरुण, धडधाकट रुग्ण नव्या औषधाकडे जातात आणि औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. सोडतीमुळे दोन्ही गट सारखे होतात. मग शेवटी दिसणारा फरक औषधाचाच, असं म्हणता येतं.

1948 मध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलने प्रसिद्ध केलेला स्ट्रेप्टोमायसिनचा अभ्यास या पद्धतीचा आरंभबिंदू मानला जातो. औषध इतकं दुर्मीळ होतं की सगळ्यांना पुरणारच नव्हतं. 55 क्षयरुग्णांना ते मिळालं, 52 जणांना तेव्हाचा नेहमीचा उपचार, म्हणजे नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 जण दगावले, दुसऱ्यातले 14. वैद्यकाला एवढं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळालं होतं. पण त्या दुसऱ्या गटातल्या माणसांना आपण एका अभ्यासात आहोत, हे सांगितलंच नव्हतं. आज असं करता येत नाही. माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी संमतीचं बंधन पक्कं केलं. खात्रीचा उपचार उपलब्ध असेल तर नव्याची तुलना त्याच्याशी करावी, नुसत्या प्लासिबोशी नाही, हेही त्यात आहे. अपवाद मोजके आणि कारणं देऊन करायचे असतात.

वाचून झाल्यावर संशोधकांना विचारायचे प्रश्न हे. कागदावर लिहून न्या, समोर गेल्यावर आठवत नाहीत.

- मी भाग घेतला नाही, तर मला कोणता उपचार मिळेल?
- नेहमीच्या उपचारापेक्षा इथे काय जास्त होणार: किती फेऱ्या, किती वेळा रक्त, कोणत्या तपासण्या?
- आतापर्यंत कोणते दुष्परिणाम दिसले आहेत? त्यांतला सगळ्यात गंभीर कोणता?
- या अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार?
- प्रवासखर्च आणि बुडालेल्या कामाचे पैसे मिळणार का?
- अभ्यास संपल्यावर औषध लागू पडलेलं असेल, तर ते मला पुढे मिळेल का?
- माझी माहिती आणि नमुने कोण पाहणार, किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या अभ्यासाला देणार का?
- निकाल मला कळवणार का?

शेवटून तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि नंतर हळहळतात. एखादं औषध लागू पडतं, वर्षभर बरं वाटतं आणि अभ्यास संपला की पुरवठा थांबतो. हे आधी माहीत असेल तर निर्णय वेगळा होऊ शकतो.

माघार कधीही घेता येते, कारण न देता घेता येते. पण दोन गोष्टी समजून घ्या. काही औषधं एकदम बंद करणं धोक्याचं असतं, म्हणून सांगून बाहेर पडा. आणि तोवर गोळा झालेली माहिती बहुतेक वेळा अभ्यासात राहते. नमुने नष्ट करून हवे असतील तर तसं स्पष्ट म्हणावं लागतं.

पायरी 5: अभ्यास चालू असताना

इथे थोडकंच सांगण्यासारखं आहे. जे होतंय ते सगळं सांगा, क्षुल्लक वाटलं तरी. डोकं दुखलं, झोप लागली नाही, एक डोस चुकला, शेजाऱ्याने सांगितलेलं काही घेतलं, सगळं. चुकलेला डोस लपवलात तर 'औषध चालत नाही' असा खोटा निष्कर्ष निघू शकतो. अभ्यासात असल्याचं कार्ड जवळ ठेवा आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर ते दाखवा. मोठ्या चाचण्यांवर एक स्वतंत्र देखरेख समिती असते. ती मधले आकडे पाहते आणि एका गटाचं नुकसान होताना दिसलं तर अभ्यास थांबवायला सांगते. वर सांगितलेल्या 'कास्ट'मधली ती दोन औषधं अशीच 1989 मध्ये मुदतीआधी थांबवली गेली. तक्रार असेल तर मुख्य संशोधकांना सांगा. तिथे दाद लागली नाही तर नैतिकता समितीकडे जा. तिचा पत्ता माहितीपत्रकावर असलाच पाहिजे.

पायरी 6: सल्लागार म्हणून बसताना

ही भूमिका फार कमी लोकांना माहीत आहे आणि खरा बदल इथूनच होतो, असा माझा अनुभव आहे.

संशोधकांना महत्त्वाचं वाटतं ते आणि रुग्णांना महत्त्वाचं वाटतं ते यांत अंतर असतं. 2000 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी गुडघ्याच्या संधिवातावर झालेल्या अभ्यासांची यादी काढली आणि रुग्णांना विचारलं की तुम्हाला कशावर संशोधन हवंय. अभ्यास बहुतांशी औषधांवर होते. रुग्णांना मात्र गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आणि आजाराशी जुळवून घेण्याबद्दल जाणून घ्यायचं होतं. पुढे 2004 मध्ये जेम्स लिंड अलायन्स स्थापन झाली. तिच्या पद्धतीत रुग्ण, नातेवाईक आणि उपचार करणारे एका टेबलाभोवती बसून एखाद्या आजारातले अनुत्तरित प्रश्न गोळा करतात आणि सगळ्यांच्या मतांनी पहिले दहा ठरवतात. निधी कुठे द्यायचा, हे ठरवायला अशा याद्या उपयोगी पडतात.

आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. चाचण्यांमध्ये सुजलेले सांधे मोजायचे, रक्तातली सूज मोजायची. 2002 मध्ये ऑमेरॅक्ट या संधिवात संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पहिल्यांदा रुग्णांना बरोबरीने बसवलं. रुग्ण म्हणाले, आम्हाला सगळ्यात जास्त छळतो तो थकवा. झोपूनही न जाणारा, दिवस खाऊन टाकणारा. हे तोवर नेमाने मोजलंच जात नव्हतं. 2007 मध्ये परिषदेने आमवाताच्या अभ्यासांत थकवा शक्य तिथे मोजावा अशी शिफारस केली. त्या रुग्णांना आकडेशास्त्र येत नव्हतं. आपलं दुखणं ओळखून ते नेमक्या शब्दांत सांगितलं, एवढं पुरेसं झालं.

तुम्हालाही हेच करायचं आहे. कुणी मसुदा पाठवला की मी तो या क्रमाने पाहते.

आधी मोठ्याने वाचते. जिथे अडखळते तिथे खूण करते. समजा मसुद्यात लिहिलंय: "सदर अभ्यासात सहभागी व्यक्तींचे यादृच्छिकीकरण करून त्यांना हस्तक्षेप गटात अथवा नियंत्रण गटात समाविष्ट करण्यात येईल." याच्या जागी मी सुचवेन: "संगणकाच्या सोडतीने तुम्हाला दोनपैकी एका गटात घेतलं जाईल. एका गटाला नवीन व्यायाम शिकवले जातील, दुसऱ्याला सध्याचाच उपचार मिळेल. कोणता गट मिळेल हे तुम्ही किंवा डॉक्टर ठरवू शकत नाही." शब्द वाढले, पण वाचणाऱ्याला काय होणार ते कळलं. नुसतं 'समजत नाही' असं लिहून परत पाठवलं तर संशोधकांनाही कळत नाही काय बदलायचं. पर्यायी वाक्य द्या.

मग फेऱ्या मोजते. दर आठवड्याला यायचं असेल तर रोजंदारीवरचा माणूस येऊ शकेल का? लहान मुलांची आई? चाकाची खुर्ची वापरणारा? काही फेऱ्या फोनवर होतील का? अभ्यास अर्धवट सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं की निकालच डळमळतो. त्यामुळे ही सूचना तुम्ही दयेपोटी नाही, विज्ञानासाठी करताय.

त्यानंतर मुख्य मोजमाप. या आजारात माझ्या रोजच्या जगण्यात काय बदललं तर मी म्हणेन की उपचार लागू पडला? ते या यादीत आहे का? नसेल तर तसं थेट लिहा, कारणासकट.

बैठकीत तुम्ही एकटेच बिगरतज्ज्ञ असाल तर शक्यतो दुसरा रुग्ण-भागीदार मागून घ्या. एकट्याला बोलायला जड जातं. मानधन, प्रवासखर्च, कागदपत्रं किती दिवस आधी मिळणार, हे सुरुवातीलाच विचारा. आणि पहिल्या बैठकीतच पाहा: आराखडा अजून बदलण्याजोगा आहे का? अर्ज मंजूर झाल्यावर, फॉर्म छापल्यावर तुम्हाला बोलावलं असेल, तर तुमचा उपयोग अहवालात नाव घालण्यापुरता होतोय. तसं स्पष्ट सांगा आणि पुढच्या अभ्यासात आधी बोलवायची मागणी करा.

पायरी 7: निकाल वाचायला शिका

2020 च्या कोविड साथीत ब्रिटनच्या सार्वजनिक निधीतून 'रिकव्हरी' हा अभ्यास मार्चमध्ये सुरू झाला आणि जूनमध्येच त्याने डेक्सामेथासोनबद्दल उत्तर दिलं. हे जुनं, अगदी स्वस्त स्टेरॉइड. 2,104 रुग्णांना ते दिलं आणि 4,321 जणांना फक्त नेहमीचा उपचार. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत 28 दिवसांत दगावण्याचं प्रमाण औषधाशिवाय 41.4 टक्के होतं, औषधाने 29.3 टक्के.

बातमीत हे 'मृत्यू एक तृतीयांशाने कमी' असं येतं. ते खरं आहे, पण ती सापेक्ष घट झाली. तुम्ही प्रत्यक्ष घट पाहा: शंभरातले 41 दगावायचे ते 29 झाले, म्हणजे शंभरामागे सुमारे 12 जीव वाचले. ही प्रचंड गोष्ट आहे. पण 'एक तृतीयांशाने कमी' हेच शब्द शंभरात तीनचे दोन झाले तरी वापरता येतात. म्हणून दर वेळी विचारा: कितीपैकी किती, आणि आधी किती होते?

याच अभ्यासात फक्त ऑक्सिजनवर असलेल्यांत प्रमाण 26.2 वरून 23.3 वर आलं. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात ते औषधाशिवाय 14.0 होतं आणि औषधासह 17.8. त्या गटात फायद्याचा पुरावा मिळाला नाही, कल उलट नुकसानीकडेच दिसला. घरी बरे होऊ शकणाऱ्या माणसाने 'जीव वाचवणारं औषध' म्हणून हे घेण्यात अर्थ नव्हता. औषध चांगलं की वाईट, यापेक्षा कोणासाठी, कोणत्या टप्प्यावर, हा प्रश्न विचारा.

पण गट पाडून पाहण्यालाही मर्यादा असते. 1988 च्या 'इसिस-2' या 17,187 हृदयरुग्णांच्या अभ्यासात ॲस्पिरिनने जीव वाचतात हे ठळकपणे दिसलं. संशोधकांनी मुद्दाम जन्मराशीनुसार आकडे मांडले, तर मिथुन आणि तूळ राशीच्यांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक असल्यासारखं दिसलं. ते निव्वळ योगायोगाने घडलं होतं. पुरेसे तुकडे केले की कुठल्या तरी तुकड्यात काहीतरी विचित्र निघतंच. म्हणून गटवार निकालावर विश्वास ठेवायचा तर तो गट आधीच ठरवला होता का आणि त्यामागे शारीरिक कारण आहे का, हे पाहा. 'रिकव्हरी'मधल्या ऑक्सिजनच्या गटांबाबत दोन्हींचं उत्तर होकारार्थी होतं.

पायरी 8: निकाल आला नाही तर मागा

अनेक अभ्यासांचे निकाल उशिरा येतात, काहींचे कधीच येत नाहीत. औषध चाललं नाही, म्हणून छापायचा उत्साह मावळतो. पण 'चालत नाही' हेही उत्तरच आहे आणि त्यासाठी कुणीतरी रक्त दिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये स्पष्ट केलं की अभ्यास संपल्यापासून 12 महिन्यांत मुख्य निकाल नोंदवहीत आणि 24 महिन्यांत नियतकालिकात यायला हवेत. 2017 मध्ये आयसीएमआर आणि ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलसह अनेक निधी संस्थांनी निकाल वेळेत जाहीर करण्याबाबतच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या.

तेव्हा वर्ष उलटलं की नोंद पुन्हा उघडा. निकालाचा रकाना रिकामा असेल तर मुख्य संशोधकांना चार ओळींचं पत्र किंवा ई-मेल पाठवा: अभ्यासाचा नोंदणी क्रमांक, तुम्ही त्यात कधी होता, अभ्यास संपल्याची नोंदीतली तारीख, आणि निकाल सोप्या भाषेत कधी मिळेल हा प्रश्न. आजाराचे तपशील लिहायची गरज नाही. महिनाभरात उत्तर आलं नाही तर तेच पत्र नैतिकता समितीला पाठवा आणि त्याची प्रत निधी देणाऱ्या संस्थेला. तिचं नाव नोंदीतल्या निधीच्या रकान्यात असतं.